हाली शिक्क्यामागचा दिवाण

शिरूर अनंतपाळ, निलंगा, देवणी, उदगीर या पट्ट्यातील जुन्या पिढीच्या बोलण्यात 'हाली' आणि 'कलदार' हे दोन शब्द सहज येत असत. हाली म्हणजे निजामी राज्याचा रुपया आणि कलदार म्हणजे इंग्रजी राज्याचा, यंत्रावर पाडलेला रुपया. दोन्ही चांदीचे, दोन्ही सोळा आण्यांचे. पण बाजारात दोहोंची किंमत एक नव्हती. सात हाली रुपये मोजावे तेव्हा सहा कलदार हाती पडत. सोलापूरच्या बाजारात जाणाऱ्या व्यापाऱ्याला हा हिशेब तोंडपाठ असे. आता हा रुपया फक्त संग्रहालयात, नाणेसंग्राहकांच्या पेटीत किंवा एखाद्या जुन्या वाड्यातील देवघरात उरला आहे. मात्र हाली रुपयाला एका राज्याचे एक नाणे म्हणून उभे करण्यात ज्या माणसाचा मोठा वाटा होता, त्याचे नाव त्या नाण्यावर कधीच नव्हते. तो राजा नव्हता, दिवाण होता. मीर तुराब अली खान हे त्याचे नाव. इतिहास त्यांना पहिले सर सालारजंग म्हणून ओळखतो.

हैदराबादच्या सैफाबाद भागातील जुन्या टाकसाळीत जून २०२२ मध्ये नाण्यांचे संग्रहालय सुरू झाले. त्याआधीपासून पब्लिक गार्डन्समधील राज्य संग्रहालयातही नाण्यांचा मोठा साठा आहे. निजामी नाण्यांचा असा एखादा चांगला संग्रह कालक्रमाने पाहत गेले, की एक गोष्ट नजरेत भरते. सुरुवातीची नाणी ओबडधोबड आहेत. कुठे मजकूर अर्धाच उमटलेला, कुठे कडेला सराफाने मारलेली बारीक खूण. त्यांवर नाव आहे ते दिल्लीच्या मोगल बादशहाचे. ज्या निजामाच्या राज्यात ती पाडली गेली, त्याच्या नावाचे केवळ पहिले अक्षर कोपऱ्यात बसवलेले दिसते. पुढे बादशहाचे नाव नाहीसे होते आणि त्या जागी आसफजाही घराण्याची पदवी येते. त्याहीपुढे नाणी गोल, रेखीव आणि एकसारखी होतात. या बदलाच्या मध्यभागी जी तीस वर्षे येतात, ती सालारजंगांच्या दिवाणगिरीची आहेत.

सालारजंगांचा जन्म १८२९ सालचा. घराणे दिवाणांचे. निजामाचे नामांकित दिवाण मीर आलम हे त्यांचे पूर्वज. आजोबा मुनीर-उल-मुल्क हेही त्याच पदावर होते. पण वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि घरावर कर्जाचा डोंगर होता. काका सिराज-उल-मुल्क यांनी त्यांना वाढवले. फारसी-अरबीचे शिक्षण घरीच झाले, इंग्रजीचीही ओळख झाली. विशीच्या आतच काही महिने त्यांनी तालुकदारी सांभाळली. कागदावरचा महसूल आणि प्रत्यक्ष खजिन्यात येणारा पैसा यांत किती अंतर असते, हे त्यांना तिथे जवळून पाहायला मिळाले. राज्याची दुखरी नस नेमकी हीच होती.

त्या काळातील निजामी राज्य नावाला श्रीमंत आणि प्रत्यक्षात कर्जबाजारी होते. दिवाण मुनीर-उल-मुल्क यांच्या नावाखाली खरा कारभार चंदुलाल यांच्या हाती होता. इंग्रजांच्या देखरेखीखालील कंटिंजंट फौजेचा खर्च निजामाच्या माथी होता आणि तो भागवण्यासाठी कर्ज काढले जात होते. विल्यम पामर आणि कंपनी ही हैदराबादची पेढी सुमारे पंचवीस टक्के व्याजाने राज्याला पैसा पुरवी. त्या पेढीचे देणे फेडण्यासाठी निजामाला १८२३ साली उत्तर सरकार प्रांताच्या वार्षिक ७ लाखांच्या पेशकशीवर कायमचे पाणी सोडावे लागले; त्या बदल्यात कंपनी सरकारने एकरकमी सुमारे १ कोटी १६ लाख रुपये दिले. पामर बुडाले, पण कर्ज काढण्याची रीत बुडाली नाही. सावकाराला रोख देता येत नसे, म्हणून त्याला तालुक्याचा महसूलच लावून दिला जाई. अरब जमादारही याच मार्गाने तालुक्यांचे धनी झाले. रयतेकडून वसुली करणारा हा राज्याचा सेवक नव्हता. तो आपले कर्ज व्याजासह वसूल करणारा सावकार होता.

नाण्याची गोष्टही याहून वेगळी नव्हती. राजधानीखेरीज औरंगाबाद, गदवाल, नारायणपेठ अशा अनेक ठिकाणी टाकसाळी चालत आणि त्यांचा मक्ता दिला जाई. चंदुलाल यांचे बंधू गोविंदबक्ष यांच्या नावावरून 'गोविंदबक्षी' रुपया ओळखला जाई. औरंगाबादची टाकसाळ पेस्तनजी मेहेरजी या पारशी सावकाराच्या हाती गेली, तेव्हा तिथून निघालेला 'पेस्तनशाही' रुपया मराठवाड्यात चालू लागला. सावकाराच्या नावाने ओळखले जाणारे नाणे राज्यात चालते, यातच त्या राज्याच्या अवस्थेचे चित्र आले. पश्चिम सीमेवर पेशवाईच्या काळातील जुन्या रुपयांचीही भर होती. प्रत्येकाचे वजन निराळे, कस निराळा.

याचा भार पडे तो शेतकऱ्यावर. ज्वारी विकून हाती आलेला रुपया एका टाकसाळीचा आणि सारा मागितला जाई दुसऱ्या टाकसाळीच्या रुपयांत. मग सराफाकडे जाणे आले. सराफ नाणे दगडावर वाजवून पाही, वजन करी, कस लावी आणि दर सांगे. दोन नाण्यांतील फरकापोटी तो जे कापून घेई त्याला बट्टा म्हणत. नावाला बट्टा लागणे हा आपला नेहमीचा वाक्प्रचार या बाजारातूनच आलेला आहे. ज्याला वजन-कसाचे ज्ञान नाही, त्याने सराफाचा शब्द प्रमाण मानायचा, ही व्यवहाराची रीत होती. कर वाढला तर निदान ओरड करता येते. बट्टा मात्र हिशेबाच्या वहीत न दिसताच रुपयातून आणे काढून नेई.

मे १८५३ मध्ये या दिवाळखोरीचा कळस झाला. कंटिंजंट फौजेचे पगार थकले होते. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या दडपणाखाली निजाम नासिर-उद्-दौला यांना करार करावा लागला आणि वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिवचा प्रदेश इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेला. करारानंतर काही दिवसांतच दिवाण सिराज-उल-मुल्क यांचे निधन झाले. रिकाम्या खजिन्याची चावी चोवीस वर्षांच्या पुतण्याकडे आली. निजामाचे जडजवाहीर गहाण पडले होते, सैनिकांचे आणि कारकुनांचे पगार महिनोन् महिने तुंबले होते आणि सावकार नवे कर्ज द्यायला तयार नव्हते.

तरुण दिवाणाने मोठी घोषणा केली नाही. त्यांनी आधी देणी ठरल्या दिवशी द्यायला सुरुवात केली. थोडी रक्कम, पण वेळेवर. हैदराबादच्या सावकारी पेढ्यांना राज्याच्या शब्दावर पुन्हा भरवसा वाटू लागला आणि व्याजाचा दर उतरण्याची वाट मोकळी झाली. मग एकेक करून सावकारांकडे आणि जमादारांकडे लावलेले तालुके त्यांनी सोडवले. मक्तेदारांच्या जागी पगारी तालुकदार नेमले. हातातील तालुका सहज सोडणारे थोडेच असतात. त्यामुळे शत्रूही पुष्कळ झाले. १८५९ आणि १८६८ अशा दोन वेळा त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. दोन्ही वेळा ते बचावले.

टाकसाळींचा प्रश्न याच कामाचा भाग होता. मक्त्याने महसूल वसूल करणारा आणि मक्त्याने रुपया पाडणारा, दोघेही राज्याचा अधिकार खासगी नफ्यासाठी वापरत होते. सालारजंगांनी बाहेरच्या टाकसाळी बंद करण्याचे धोरण धरले आणि नाणे पाडण्याचे काम हैदराबादच्या सरकारी टाकसाळीत आणले. तिथून निघणाऱ्या रुपयाला हाली शिक्का म्हणू लागले. हाली म्हणजे चालू, सध्याचा. नाव साधे आहे. पण जुन्या, परक्या, घासलेल्या नाण्यांच्या गर्दीत राज्याचे चालू नाणे हेच, असे सांगण्याचा अधिकार त्या नावात होता.

तेवढ्यात १८५७ उजाडले. मे महिन्यात निजाम नासिर-उद्-दौला निवर्तले आणि अफजल-उद्-दौला गादीवर आले. १७ जुलैला तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. सालारजंगांनी इंग्रजांची बाजू घेतली. नांदेडच्या सीमेवरील कौलासचे राजे दीपसिंग आणि रंगराव पागे यांच्या उठावाच्या प्रयत्नालाही हैदराबादचा पाठिंबा नव्हता. रंगरावांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि अंदमानातच त्यांचा अंत झाला. मराठवाड्याच्या स्मृतीत रंगराव पागे हुतात्मा आहेत, तर सालारजंग इंग्रजांचे मित्र. या निवाड्यात तथ्य आहे. दिवाणाच्या दृष्टीने उठावात सामील होणे म्हणजे नुकतेच सावरू लागलेले राज्य हातचे घालवणे होते. पण त्या हिशेबाची किंमत दुसऱ्यांनी मोजली, हेही तितकेच खरे.

१८५७च्या घडामोडींचा ठसा नाण्यावर शब्दशः उमटला. बहादूरशहा जफर पदच्युत झाले आणि मोगल बादशहाच्या नावाने नाणे पाडण्याला अर्थ उरला नाही. हैदराबादच्या रुपयावर आता निजाम-उल-मुल्क आसफजाह ही पदवी आली आणि तिच्यासोबत ९२ हा आकडा. अनेकांना तो सालाचा आकडा वाटतो. वस्तुतः अरबी अक्षरांना अंकमूल्य देण्याच्या पद्धतीप्रमाणे पैगंबर महंमद यांच्या नावाची बेरीज ९२ होते. बादशहाचे नाव गेले, इंग्लंडच्या राणीचे घालायचे नव्हते. अशा वेळी हा मार्ग निघाला. इंग्रजांशी मैत्री ठेवूनही नाणे मात्र आपलेच ठेवण्याचा हेका हैदराबादने पुढे ९० वर्षे सोडला नाही.

मैत्रीचे फळ १८६० साली मिळाले. नव्या करारानुसार ५० लाखांचे कर्ज माफ झाले, रायचूर दुआब आणि धाराशिव परत आले, शोरापूरचा मुलूखही मिळाला. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. ती सल सालारजंगांच्या मनात अखेरपर्यंत राहिली.

यानंतर त्यांनी हाती घेतलेले काम आजही आपल्या रोजच्या जगण्यात आहे. १८६५ साली राज्याची जिल्हाबंदी झाली. जिल्ह्याला अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली दुय्यम अधिकारी आणि तालुक्याला तहसीलदार, अशी रचना उभी राहिली. बीदर जिल्हा याच व्यवस्थेतला. निलंग्यासह शिरूर अनंतपाळचा परिसर १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत त्या जिल्ह्यात होता. मग तो उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला जोडला गेला आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला तेव्हा लातूरमध्ये आला. तहसील कचेरीत सातबाऱ्यासाठी रांगेत उभे राहणाऱ्या माणसाला ठाऊक नसते, पण सावकाराच्या वाड्यातून महसूल या कचेरीत आणण्यासाठी एका दिवाणाची हयात खर्ची पडली होती.

१८६९ साली अफजल-उद्-दौला वारले. वारस महबूब अली खान अवघे अडीच वर्षांचे होते. सालारजंग आणि शम्स-उल-उमरा यांनी सहकारभारी म्हणून राज्य सांभाळले. नाण्याच्या कोपऱ्यात 'मीम' हे अक्षर आले. ज्या बालकाच्या नावाचे ते अक्षर होते, त्याला नाणे ओळखताही येत नसेल. पण रुपया बाजारात तसाच चालत राहिला. १८५३ साली प्रौढ निजाम गादीवर असूनही राज्याच्या शब्दाला पत नव्हती. १८६९ साली तान्हा निजाम असूनही ती टिकली. सालारजंगांच्या कामाचे मोजमाप करायचे तर या दोन वर्षांची तुलना पुरेशी आहे.

१८७४ साली वाडी ते सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली आणि हैदराबाद मुंबई-मद्रास मार्गाशी जोडले गेले. या रेल्वेचा आर्थिक बोजा संस्थानालाच उचलावा लागला. रेल्वेने माल आणला तसा कलदारही आणला. इंग्रजी मुलखाशी व्यवहार वाढले तशी कलदाराची गरज वाढली आणि हाली-कलदार विनिमय हा नवा धंदा झाला. १८७६ साली सालारजंग युरोपला गेले. पॅरिसमध्ये पाय घसरून त्यांना मोठी दुखापत झाली; तरी ते लंडनला पोहोचले. ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना सन्मानाची पदवी दिली, मेजवान्या झाल्या, सत्कार झाले. पण ज्यासाठी ते प्रामुख्याने गेले होते, ते वऱ्हाड काही परत मिळाले नाही. मागणी लावून धरल्याबद्दल इंग्रज अधिकाऱ्यांची नाराजी तेवढी पदरी पडली. १८५७चा मित्र आता त्यांना अडचणीचा वाटू लागला होता.

त्यांच्या कामाला मर्यादा होत्या आणि त्या लहान नव्हत्या. सर्फ-ए-खास ही निजामाची खासगी मालमत्ता, पायगा आणि जहागिरी मिळून राज्याचा मोठा भाग त्यांच्या सुधारणांच्या कक्षेबाहेर राहिला. तिथल्या रयतेला नवी तहसील मिळाली नाही. वरिष्ठ जागांसाठी त्यांनी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसे आणली. कारभार सुधारला, पण मराठी, तेलुगू, कानडी बोलणारी प्रजा आणि तिचे अधिकारी यांच्यातील अंतर वाढले. या अंतराची फळे पुढे विसाव्या शतकात दिसली. सावकारीचा पाश सैल झाला तो राज्याभोवतीचा, शेतकऱ्याभोवतीचा नव्हे. बट्टाही संपला नाही. अनेक रुपयांच्या जागी एक हाली रुपया आला, पण हाली आणि कलदार यांच्यातला बट्टा उरलाच.

८ फेब्रुवारी १८८३ रोजी सालारजंग यांचे पटकीने अकस्मात निधन झाले. युरोपातून आलेल्या एका राजघराण्यातील पाहुण्याच्या स्वागताची मेजवानी नुकतीच मीर आलम तलावावर झाली होती. वय अवघे चौपन्न.

त्यांच्या पश्चात हाली शिक्क्याचे आयुष्य बरेच लांबले. १८९५ पासून यंत्रावर नाणी पाडण्यास प्रारंभ झाला आणि १९०३ मध्ये टाकसाळ सैफाबादला गेली. चारमिनारचे चित्र असलेला प्रसिद्ध रुपया याच काळातला. त्याच्या कमानीत आधी महबूब अली खान यांचे 'मीम' आणि पुढे उस्मान अली खान यांचे 'ऐन' अक्षर दिसते. यंत्रावरच्या हाली रुपयाचे वजन ११.१८ ग्रॅम आणि त्यात शुद्ध चांदी सुमारे ८२ टक्के. कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम आणि शुद्ध चांदी सुमारे ९२ टक्के. हिशेब केला की पहिल्यात सुमारे ९.१ ग्रॅम आणि दुसऱ्यात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी भरते. सात हालीला सहा कलदार हा दर चांदीच्या या प्रमाणाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. बाजारातला सराफ लबाड असेल, पण त्याचा तराजू अडाणी नव्हता.

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९१८ साली हैदराबाद राज्याने कागदी नोटा काढल्या. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९५० पासून भारतीय रुपया चलनात आला. हाली त्याच्यासोबत काही काळ सात-सहाच्याच दराने चालला आणि १९५९ साली कायमचा बाद झाला. राज्य गेल्यानंतरही त्याचे नाणे अकरा वर्षे लोकांच्या हाती राहिले. राजावरचा विश्वास संपतो तेव्हा नाण्यावरचा लगेच संपतोच असे नाही.

आज सालारजंग म्हटले की मुसी नदीकाठचे भव्य संग्रहालय आठवते. ते उभे राहिले ते प्रामुख्याने त्यांचे नातू तिसरे सालारजंग यांच्या संग्रहातून. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तिथले सर्वांना मोहवणारे बुरखाधारी रिबेकाचे संगमरवरी शिल्प मात्र आजोबांनी १८७६च्या युरोप दौऱ्यात रोमहून आणलेले. दर्शकांची गर्दी त्या शिल्पापुढे असते आणि ते योग्यच आहे. पण मराठवाड्यातून हैदराबादला गेलेल्या माणसाने थोडा वेळ राखून नाण्यांच्या दालनातही डोकवावे. तिथे बादशहाच्या नावाचा ओबडधोबड रुपया आणि त्याच्या पुढच्या रांगेतील ९२ आकड्याचा रुपया पाहावा. पहिला हाती आला की आपले आजे-पणजे सराफाच्या दारात जात. दुसरा सरकारी खजिन्यात मोजून घेतला जाई.

या दोन रुपयांमधले अंतर ज्यांनी कापले, त्या दिवाणाचे नाव कोणत्याच बाजूला नाही. तसे ते कोरून घेण्याचा मोह त्यांना झाला असता, तर पेस्तनशाहीनंतर सालारशाहीही निघाली असती आणि राज्याचे नाणे पुन्हा एका माणसाचे झाले असते.